उतारावरचा आवाज

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. बावीस गाड्या माझ्या ताब्यात. माझं गाव बिलोली तालुक्यातलं. अख्ख्या युनिटमध्ये मराठवाड्याचे आम्ही दोघंच. दुसरा म्हणजे लान्स नायक सलीम, उदगीरचा, ड्रायव्हर. मला उस्ताद म्हणायचा. दिवसभर हिंदी बोलून कंटाळा आला की तो वर्कशॉपमध्ये येऊन बसायचा आणि आम्ही आपल्या बोलीत एकमेकांना शिव्या घालायचो.

सकाळी साडेपाचला गाड्या चालू करायच्या. तेल, पाणी, पट्टा बघायचा. सहाला परेड. इंजिनाचा आवाज पकडायची रीत सोपी असते. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि हळूहळू सरकत जायचं. वरून बारीक टिकटिक आली तर व्हॉल्व्ह, खालून जड ठोका आला तर बेअरिंग. माझा कान युनिटमध्ये नावाजलेला होता. त्याचा मला माज होता, हे आज कबूल करतो.

जवानांना घेऊन गाड्यांचा कॉन्व्हॉय निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला सलीम आला.

"उस्ताद, सात नंबर आवाज करून राहिली. उतारावर पाय उचलला की टकटक. उभ्यात न्हाई करत."

नियम असा की ज्या परिस्थितीत आवाज येतो, त्याच परिस्थितीत तो ऐकायचा. म्हणजे मला त्याच्या शेजारी बसून उतारावर जायला आणि तो रेसवरचा पाय उचलेल तेव्हा ऐकायला हवं होतं. जाऊन येऊन चाळीस मिनिटं. अजून पाच गाड्या तपासायच्या होत्या. मी उभ्या गाडीलाच पेचकस लावला. काही नाही. रेस दिली. काही नाही.

"इंजिन ठीक हाय," मी म्हणालो. "टकटक तुझ्या डोक्यात हाय. लगीन कर, थांबंल."

दुसऱ्या कुणी ड्रायव्हरनं सांगितलं असतं तर कदाचित गेलो असतो. हा आपला माणूस, त्याची थट्टा चालते, म्हणून केली. तोही हसला.

"हाव. तुम्ही म्हणता तर ठीकच असंल."

जॉब कार्डवर मी लिहिलं, 'तक्रार आढळली नाही.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी नऊला कॉन्व्हॉय निघाला. नऊ चाळीसला रेडिओ वाजला.

"सात नंबर बंद. इंजिन जाम. दरडीचा टप्पा. ओव्हर."

त्या टप्प्यात थांबायला मनाई होती, कारण वरून दगड सुटायचे. मी रिकव्हरी गाडीत उडी मारली. वाटेत दुसरा निरोप आला.

"सहा जवान उतरवले. वळणापलीकडे सुखरूप. ड्रायव्हर चाकांना दगड लावतोय. ओव्हर."

गाडी चढावर होती. मागे घसरली असती तर मागच्या आठ नंबरवर गेली असती. म्हणून तो थांबला. मी दहा पंचवीसला पोचलो तोवर दरड कोसळली होती; सात नंबरची केबिन दिसत नव्हती, नुसते दगड दिसत होते. सलीमला दगडांखालून काढायला दोन तास लागले.

नंतर मी ते इंजिन स्वतः उघडलं. बेअरिंग झिजून कनेक्टिंग रॉड तुटला होता. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. मला ताकीद मिळाली. सलीमच्या मृत्यूचं कारण दरड असं नोंदलं गेलं. सलीमला घेऊन उदगीरला मीच आलो, पण त्याच्या वडिलांसमोर माझं तोंड उघडलं नाही.

रिटायर होऊन मी नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर गॅरेज टाकलं. दरवर्षी सलीम गेला त्या तारखेला उदगीरला जातो. त्याचे वडील, मी त्यांना चाचा म्हणतो, शिंपी आहेत. दुकानात मशीनशेजारी बसवतात, चहा पाजतात. अकरा वर्षं चहा पिऊन गुपचूप परत आलो. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

यंदा चाचांनी जावयाची कार दाखवली. "बेटा, लई खडखड करून राहिली. बघ जरा."

"कवा करते?" मी जावयाला विचारलं.

"रेल्वे पुलावरून उतरताना. उभी असली की न्हाई."

मी बॉनेट उघडलं नाही. त्याला चालवायला सांगितलं, शेजारी बसलो. चाचा मागे बसले. पुलाच्या उतारावर त्यानं पाय उचलला आणि खालून पत्रा वाजला. सायलेन्सरवरचा पत्रा ढिला झाला होता. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, क्लॅम्प आवळला, पुन्हा पुलावरून उतरलो. आवाज गेला. सगळं मिळून वीस मिनिटं.

जावई चहा सांगायला गेला. चाचांनी विचारलं, "उभ्या गाडीत कळलं नसतं का रे?"

"नसतं कळलं, चाचा." मग मला थांबता आलं नाही. जॉब कार्ड, पेचकस, थट्टा, सगळं सांगून टाकलं.

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मला ठाऊक हाय. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. गाडी आवाज करत होती, म्हणला. पण उस्तादनं बघितलीय अब्बा, आता काळजी न्हाई."

मला वर बघवेना.

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का न्हाई, चाचा?"

"तू सांगशील म्हणून वाट बघून राहिलो. मी बोललो असतो तर तू येणं बंद केलं असतंस. त्याच्याबद्दल बोलायला आता दुसरं कोण येतं?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुढच्या सालीबी ये."

नांदेडला परतल्यावर गॅरेजमध्ये एक कोरं जॉब कार्ड घेतलं आणि भरलं. ते भिंतीवर लावलंय.

गाडी नंबर सात. ड्रायव्हर लान्स नायक सलीम. उतारावर पाय उचलला की टकटक. तक्रार खरी होती.