भाऊंचं तिसरं कडवं

बीरगांवात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हिरालालभाऊंचं गाणं ऐकू आलं, की सगळ्यांना कळायचं, आज भाऊंनी घेतली. कारखान्यातला हा फिटर एरवी मान खाली घालून चालणारा. दोन घोट पोटात गेले की गळा मोकळा. गाणं एकच, लग्नातलं, आणि तेही दुसऱ्या कडव्यापर्यंत. तिसऱ्याच्या आधी भाऊ घोरायला लागायचे. मी त्यांची शेजारीण, त्यातून नर्स. त्यांच्या साखरेवरून मी इतकी बोलले आहे, की मला दुरून पाहिलं तरी ते गल्ली बदलायचे.

लेकीचं, पायलचं लग्न जमावं म्हणून या माणसाने सोळा सोमवार धरले.

"हे तं बायाइचं व्रत असते जी," कलावती वहिनी म्हणाल्या.

"पोट्टी काय एकट्या तुईच हाय?" भाऊंनी उत्तर दिलं.

दिवसभर पाणी आणि काळा चहा, संध्याकाळी पूजा करून जेवण. मधुमेहाची गोळी मात्र सकाळी नेमाने, कारण गोळी चुकवू नका हे माझंच सांगणं. ती उपाशीपोटी घेऊ नका, हे ते सोयीने विसरले.

सोळाव्या सोमवारी दुपारी मुलाकडून होकार आला. भाऊंचा मित्र शंकर गावाकडची मोहाची बाटली घेऊन हजर.

"उपास हाय ना तुमचा?" वहिनींनी अडवलं.

"मोह म्हणजे फूल. फराळातच येते ते."

"मंग सोबत साबुदाणा तरी खा."

"हट. पूजेच्या आधी अन्न नाही."

नेम असा कडक, आणि अक्कल गेली होती चरायला.

तासाभरात भाऊ खाटेवर आडवे. वास येतच होता. आनंदाची चढली, झोपू द्या, असं शंकर म्हणाला. वहिनी मात्र धावत माझ्याकडे आल्या. "ताई, पिले हायेत, पण गाणं नाही म्हणून राहिले."

मी गेले तर अंग घामाने थंडगार, हाकेला धड ओ नाही. मशीनवर साखर एक्केचाळीस; सत्तरच्या खालीच धोका सुरू होतो. शंकर गुळाचं पाणी पाजायला निघाला, त्याचा मी हात धरला. अर्धवट शुद्धीत ते श्वासनळीत गेलं असतं. एकशेआठला फोन केला, आणि दवाखान्यात शिरेतून साखर दिली. पोट रिकामं असताना यकृत साठवणीतली साखर पुरवत असतं. दारू आली की ते साखर सोडून तिच्याच मागे लागतं, आणि इथे वरून गोळीही होती. अजून थोडा वेळ झोपू दिलं असतं, तर पायलच्या लग्नात बाप नसता. मला अजून त्याची भीती वाटते.

डोळे उघडल्यावर भाऊंनी विचारलं, "व्रत मोडलं का?"

वहिनी रडता रडता हसल्या. "तुमी शाबूत हा ना, बस झालं."

हळदीच्या दिवशी भाऊ पोटभर जेवून, बिनसाखरेचं लिंबूपाणी घेऊन बसले होते. बायांनी फारच आग्रह धरला, तेव्हा लाजत, मान खाली घालून त्यांनी गाणं सुरू केलं. दुसरं कडवं संपलं. आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या. भाऊ थांबले नाहीत.

तिसरं कडवं नवरीच्या आईचं होतं. पायलच्या गालाला हळद लावता लावता वहिनींचा हात तिथेच राहिला.

"सत्तावीस वर्षं झाले लग्नाले," त्या मला म्हणाल्या. "या गाण्यात मी हाये, हे मले आज कळलं."