शरीपाच्या सहा बादल्या

ओराल्बेक गेला त्याच आठवड्यात त्याचं मीठ संपलं. जेवणातलं नव्हे, टाकीतल्या प्रवाळांचं. कारागांदा शहरातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जिथून कुठलाही समुद्र गाठायचा तर आगगाडीत दिवसचे दिवस काढावे लागतात, तिथे या खाणकामगाराने म्हातारपणी दोनशे लिटर समुद्र पाळला होता. माणसाला एकेक खूळ असतं. दुकानदाराने फोनवर सांगितलं, "ते मीठ यायचं बंद झालं. आता हे दुसरं वापरा." ओराल्बेकच्या बायकोने, शरीपाने, ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

ती रडली नव्हती. भेटायला बायका आल्या की घरच्या बाईने गळा काढून शोकगीत म्हणायचं असतं. शरीपाने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. "दगड आहे नुसती," असं कुणीतरी म्हणालंच. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण शरीपाला त्याचंही काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

एकतीस वर्षं तिने शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. आत बधिर झालं तरी हातांना काम माहीत होतं. नवं मीठ बादलीभर पाण्यात विरघळवून तिने दिवसभर ढवळत ठेवलं आणि तपासलं. खारटपणा जुन्या पाण्याइतका करता आला, पण क्षारता, म्हणजे पाण्याचा सोड्यासारखा गुण, फारच चढी निघाली. एकदम बदललं असतं तर प्रवाळ भाजून निघाले असते. म्हणून तिने ठरवलं, दर शुक्रवारी टाकीतलं एकच बादली पाणी काढायचं, वीस लिटर, आणि तेवढंच नवं, टाकीइतकंच कोमट करून घालायचं. दोन दिवसांनी पुन्हा तपासायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

पण थोरली नणंद बातिमा चाळिसाव्या दिवसापर्यंत मुक्कामाला होती. वय ब्याऐंशी, जीभ अठराची. शरीपा अडुसष्ट वर्षांची झाली तरी तिच्या लेखी अजून केलिन, म्हणजे घरात नुकती आलेली सूनच.

"केलिन, माणूस गेला त्या घरातलं उघडं पाणी ओतून टाकायचं असतं. मृत्युदूत त्यात सुरी धुतो. किटली ओतलीस, पिंप ओतलंस, आणि हे एवढं तळं ठेवलंस होय?"

"ओततेय, आपा. थोडं थोडं."

"मग चमच्याने ओत! चाळिसाव्याला पाहुणे यायच्या आत हे जुनं पाणी सगळं गेलं पाहिजे. नाहीतर पुतण्यांना बोलावून मी ओतवते."

या तगाद्याला कंटाळून दुसऱ्या शुक्रवारी शरीपाने एका बादलीऐवजी दोन बदलल्या. दोन दिवसांत गुलाबी प्रवाळाचे शेंडे पांढरे पडले. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यापासून ओराल्बेकने तो नऊ वर्षं वाढवला होता. शरीपाने वहीत लिहिलं, 'शेंडे भाजले. चूक माझी.' मग ती नणंदेला म्हणाली, "यापुढे बादल्या मी मोजणार." बातिमा फणकाऱ्याने स्वयंपाकघरात निघून गेली. पण शुक्रवारी मयताच्या नावाने सात शेलपेक तळायचे ते तिने तळले, आणि पहिली गरम पोळी शरीपापुढेच सरकवली.

चाळिसाव्याची सकाळ उजाडली. शेगडीवर घोड्याचं मटण शिजत होतं. पांढऱ्या शेंड्यांच्या खाली गुलाबी रंग टिकून होता. बातिमा टाकीपुढे उभी राहिली.

"सहा बादल्या गेल्या. दहांतल्या चार उरल्या. त्या आत्ताच्या आत्ता ओत, नाहीतर पुतणे येतातच आहेत."

'जुनं सगळं गेलं' म्हणून सांगितलं असतं तर प्रवाळ वाचले असते. नणंदेला काय कळणार होतं? पण एकतीस वर्षांत शरीपाने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता.

"चार नाही, आपा. निम्म्याहून जास्त तेच पाणी आहे. बादली काढते तेव्हा त्यात आधी घातलेलं नवंही थोडं निघून जातं."

"मग जुनं सगळं कधी जाणार?"

"सगळं कधीच जात नाही. कमी कमी होत जातं."

बातिमा काचेकडे बघत राहिली. "तो बाह्या सारून यात हात घालायचा ना?"

"रोज. कोपरापर्यंत."

म्हातारी खुर्चीत बसली. म्हणाली, "पुतण्यांना काही सांगू नकोस. आणि पुढच्या शुक्रवारीही ओतू नकोस गं. आहे तेवढं राहू दे."

"ओतावं लागतं, आपा. नाही बदललं तर पाणी बिघडतं, प्रवाळ मरतात." शरीपाचा आवाज चिरकला. "त्याचं एवढं एकच जिवंत राहिलंय. ते जगवायचं तर दर शुक्रवारी त्याच्या हातांचं पाणी मलाच न्हाणीत ओतायला हवं."

हे बोलल्यावर तिला चाळीस दिवसांचं दुःख एकदम झालं. तिने टाकीची कड धरली आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. बातिमाने तिला रडू दिलं. मग आपल्या रुमालाचं टोक तिच्या हातात दिलं.

"पुढच्या शुक्रवारी मी येईपर्यंत थांब," ती म्हणाली. "एकटीने ओतू नकोस."