सोमवारी सांगतो

घोगरे सरांना काहीही विचारलं, की ते आधी शर्टाच्या खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढायचे, त्याच्या कोऱ्या पाठीवर प्रश्न लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "माहीत न्हाय. सोमवारी सांगतो." पगारी मास्तर चारचौघांत असं कबूल करतो, हे माकणीच्या धरणाकडच्या आमच्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं. आमच्याकडं एखादी गोष्ट माहीत नसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, पावसापासून पंतप्रधानापर्यंत सगळं ठाऊक असतं. त्यामुळं नववीला विज्ञान शिकवायला आलेल्या या माणसाला काही म्हणजे काही येत नाही, ही बातमी पहिल्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली.

ती पोचवण्यात माझा हात मोठा. पहिल्याच तासाला मी उठून विचारलं होतं, "सर, पालीची शेपूट तुटून वळवळते, तेव्हा दुखतं कुणाला? पालीला का शेपटीला?" मास्तराला अडवायची मला खोडच होती. आधीचे मास्तर अशा वेळी छडी दाखवायचे. हे मात्र खिडकीबाहेर बघत बसले, मग तिकीट काढलं. वर्ग खिदळला. रविवारी सर लोहाऱ्याहून एसटीनं सोलापूरला गेले, तिथं कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्राचं डोकं खाल्लं आणि सोमवारी हजेरीच्या आधी म्हणाले, "आश्विने, ऊठ. तुटल्यावर शेपटीचा मेंदूशी संबंध संपला, तवा शेपटीला दुखत न्हाय. पालीला किती दुखतं, ते पालीनं अजून कुणाला सांगितलेलं न्हाय. बस खाली." उत्तर सापडलं नाही तरी सोमवार चुकायचा नाही. यायचे आणि सांगायचे, "अजून माहीत न्हाय."

जीवशास्त्र म्हणजे काय, हे सरांनी आम्हाला पुस्तक न उघडता शिकवलं. "जे खातंय, हागतंय, वाढतंय, पिलं घालतंय आणि एक दिवस मरतंय, ते समदं आपल्या हद्दीत." मुली तोंडावर ओढणी घेऊन हसल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मोटारसायकल पेट्रोल खाते, धूर सोडते, मग ती बी जिवंत का?" सर शांतपणे म्हणाले, "तुझ्या बापाच्या गाडीला पिलू झालं की मला बोलव. पेढे मी आणतो." ही व्याख्या मी बोर्डाच्या पेपरात जशीच्या तशी लिहिली, फक्त दुसऱ्या क्रियापदाच्या जागी 'उत्सर्जन' घातलं.

शाखा शिकवतानाही तेच. माझ्या वडिलांची मेंढरं होती, तर ते झाले प्राणिशास्त्र. कुठला पाला पोट धरतो हे सांगणारा गावातला वैदू वनस्पतिशास्त्र. बारशाला जमून "नाक चुलत्यावर गेलंय गं" असं कुजबुजणाऱ्या बायका म्हणजे अनुवंशशास्त्र. "आन् ह्या शाखेत लई सांभाळून बोलावं लागतं," असंही सर म्हणाले होते. वर्गात मोबाइल काढून उत्तर शोधणाऱ्याला ते रागवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "हा फोन 'माहीत न्हाय' कधीच म्हणत न्हाय. म्हणून माझा त्याच्यावर इश्वास न्हाय."

सरांचा सगळा जीव एका खोलीत होता. शाळेच्या टोकाची पत्र्याची खोली. तिथं संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, त्यांच्या मंडपाचे बांबू पडलेले असायचे. सरांनी आमच्याकडून बांबू काढून घेतले, भिंतीला चुना मारला, एक टेबल टाकलं आणि त्यावर शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक ठेवला. आरशाला तडा गेलेला तो सूक्ष्मदर्शक सर स्वतःच्या धुतलेल्या पंच्यानं झाकायचे. कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आतली खरवड, डबक्यातलं पाणी, सगळं आम्ही तिथंच पाहिलं. "ही खोली हाय तवर मी शिकवणारा," ते म्हणायचे. "खोली गेली की मी नुसता वाचून दाखवणारा."

आम्ही दहावीला गेलो आणि ती खोली जायची वेळ आली. खोलीच्या दाराशीच एक कडुनिंब होता. एके दिवशी त्याच्या खोडातून पांढरं, फेसाळ पाणी गळायला लागलं. शिपायानं बोट लावून चाखलं, तर गोड! कडुनिंबातून गोड पाणी! दुपारपर्यंत खोडाला हिरवं लुगडं गुंडाळलेलं होतं, संध्याकाळपर्यंत नारळांचा ढीग, आणि दुसऱ्या दिवशी तुळजापूरला निघालेल्या जीपगाड्या वाट वाकडी करून आमच्या शाळेसमोर थांबायला लागल्या. अण्णांनी जाहीर केलं, की देवीनं जागा दाखवलीय, आता इथं सभामंडप होणार. सभामंडपाला जागा हवी म्हणजे पत्र्याची खोली पाडायला हवी. "मास्तर, सोमवारपर्यंत तुमचं सामान काढा," अण्णा म्हणाले. "आन् पेपरवाला येणार हाय. त्याला तुम्हीच सांगा, हा चमत्कार हाय म्हणून. विज्ञानाच्या मास्तरानं सांगितलं की वजन पडतंय."

त्याच दिवशी धाराशिवहून अंधश्रद्धा निर्मूलनाचे दोन तरुण कार्यकर्ते आले. त्यांना सरांकडून उलटं हवं होतं: ही भोंदूगिरी आहे, खोडात कुणीतरी नळी घातलीय, असं लिहून द्या. सरांनी खोडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. भाविकांना वाटलं, प्रदक्षिणा घालतायत. मग तिकीट काढलं. "नळी न्हाय. झाड का गळतंय, मला माहीत न्हाय. सोमवारी सांगतो." अण्णा चिडले, कार्यकर्तेही चिडले. देव मानणारे आणि न मानणारे आमच्या गावात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एक झाले, की हा मास्तर बिनकामाचा आहे.

सोमवारी खोलीसमोर ही गर्दी! अण्णा खुर्ची टाकून बसलेले, बाजूला फावडी घेतलेली चार माणसं. सर सोलापूरच्या एसटीतून उतरले ते थेट दारात उभे राहिले. "झाड का गळतंय, ते अजून माहीत न्हाय. माझ्या मित्राला बी पक्कं माहीत न्हाय. पर त्या पाण्यात काय हाय, ते मी दाखवू शकतो. यावं." त्यांनी थेंब काचेवर घेतला, निळ्या रंगाचा ठिपका लावला आणि बाजूला झाले.

पहिली पुढं झाली पारूमावशी. तीन म्हशींची मालकीण, निम्म्या गावाला ताक घालणारी, जिभेला हाड नसलेली बाई. तिनं एक डोळा मिटून दुसरा लावला आणि किंचाळली, "अगं बया बया! किती देव गं हे! वळवळायलेत की!"

झालं. रांगच लागली. कुणी सूक्ष्मदर्शकाला हळद लावली, कुणी कुंकू, कुणी तडा गेलेल्या आरशाच्या कडेला झेंडूचं फूल खोचलं. डोळा लावायच्या भिंगाच्या कडेला कुंकवाचा असा लेप बसला, की जो बघून बाहेर येई त्याच्या डोळ्याभोवती लाल कडं उमटलेलं. गावात कुणाचं दर्शन झालं आणि कुणाचं राहिलं, हे तोंडाकडं बघून कळायला लागलं. आणि मग त्याच लोकांनी अण्णांना सुनावलं, की देव तर मास्तरांच्या खोलीत आहेत, खोलीला हात लावायचा नाही.

फावडी खाली ठेवली गेली. मी तर उडीच मारली. सरांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "सर, वाचली खोली! आता गप बसा, काही बोलू नका." सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी दोन पावलं मागं सरले. "माहीत नसलं की मी तसं सांगतो, आश्विने. मग माहीत असल्यावर गप बसू व्हय?"

आणि हा माणूस स्टुलावर चढला! "मंडळी, हे देव न्हाईत. झाडाचं पाणी गोड हाय, ते आंबलंय. आंबवणारे बारके जीव हायत हे. तुमच्या ताकात बी असलेच असत्यात." अण्णांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हणजे खोलीत काय न्हाय म्हणा की," असं म्हणून त्यांनी फावडेवाल्यांकडं मान हलवली. मला सरांचा एवढा राग आला, की रडू यायला लागलं. अरे, आयतं ताटात पडलं होतं, लाथ मारायची काय गरज होती?

पण सरांचं एक वाक्य भलत्याच ठिकाणी लागलं होतं. "माझ्या ताकात किडं हायती म्हणता व्हय हो मास्तर?" पारूमावशीनं पदर खोचला. "थांबा. कुणी हलू नगा. आत्ता खोटं पाडते." ती घरी गेली, गाडगं घेऊन तरातरा परत आली. सरांनी तिच्यादेखत थेंब घेतला, रंग लावला. मावशीनं डोळा लावला, तो काढेचना. "त्या गोल मोठ्या दिसत्यात ना, त्या लोण्याच्या गुठळ्या," सर बाजूनं सांगत होते. "त्या जिवंत न्हाईत. त्या बारक्या कांड्या, त्या जिवंत." बऱ्याच वेळानं मावशी ताठ झाली. डोळ्याभोवती दुसऱ्यांदा लाल कडं उमटलेलं होतं. ती अण्णांकडं वळली. "हायती. माझ्या गाडग्यात बी हायती. अण्णा, तुमचा मंडप आता माझ्या गोठ्यात घाला!"

कोण आधी हसलं कोण जाणे. पण एकदा हसू फुटल्यावर गर्दी आवरेना, फावडेवालेही हसायला लागले. हसणाऱ्या माणसांकडून खोली पाडून घेणं अण्णांना काही जमलं नाही. पुढचे आठ दिवस लोक दही, हौदाचं पाणी, दातांचा मळ असलं काय काय घेऊन येत होते. शेवटच्या दिवशी अण्णा स्वतः आले, दात कोरून दिला आणि बघून गुपचूप निघून गेले. सर म्हणाले, "सगळ्यात दाट वस्ती इथंच निघाली." महिनाभरात झाडाचं गळणं आपोआप थांबलं. का थांबलं, हेही सरांना माहीत नव्हतं. ते तिकीट त्यांनी कधी टाकून दिलं नाही.

त्या खोलीनंच मला पोटाला लावलं. आता मी कळंबला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. सरांच्या व्याख्येतलं खाणं आणि हागणं, दोन्ही खाती माझ्या टेबलावर येतात. सर कधीमधी इकडं आले की डोकावायचे, खुर्ची ओढून एखादी काच बघायचे आणि चहा पिऊन जायचे. गेल्या वर्षी आले ते बारीक होऊन आले. ताप उतरत नव्हता. मी दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं, चेष्टामस्करी केली, काच रंगवली आणि डोळा लावला.

पांढऱ्या पेशी नुसत्या दाटल्या होत्या. मोठमोठ्या, कच्च्या, एकीला एक लागून. असली काच मी याआधी पाहिली होती, आणि त्या माणसांचं पुढं काय झालं तेही मला ठाऊक होतं.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

मी मान वर न करता म्हणाले, "माहीत नाही, सर. सोमवारी सांगते."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "सरक," सर म्हणाले. "आन् एक ध्यानात ठेव. ह्ये वाक्य खोटं बोलायला वापरायचं न्हाय. माझी आयुष्यभराची कमाई हाय ती." मी सरकले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला, भिंग स्वतःच्या हातानं फिरवून नीट केलं. नववीच्या पोरानं डबक्यातलं पाणी बघावं तसे ते बघत राहिले. "लई झाल्यात की गं," ते हळूच म्हणाले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "काच मात्र झकास रंगवलीस." मला हुंदका आवरला नाही. रडताना मी त्यांनाच शिव्या घातल्या. एवढं बघायला शिकवायची काय गरज होती, असं काहीतरी मी बोलले. सर म्हणाले, "चहा सांग."

चार महिने गेले. शेवटची भेट सोलापूरच्या दवाखान्यात झाली, गुरुवारी. माझ्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता. "सर, एक विचारू? माणूस मेल्यावर पुढं काय असतं?" उशाशी बसलेल्या काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, माझ्याकडं असं बघितलं, की जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते. सर मात्र हसले. हात सवयीनं छातीवरच्या खिशाकडं गेला, पण दवाखान्याच्या कपड्याला खिसा नव्हता. मी पर्समधून कळंब-सोलापूर तिकीट काढून दिलं, पेन दिलं. त्यांनी प्रश्न लिहून घेतला. अक्षर वाकडं गेलं, तरी प्रश्नचिन्ह नीट काढलं.

"माहीत न्हाय," ते म्हणाले. "सोमवारी सांगतो."

शनिवारी सर गेले. सोमवारी मी लॅब उघडली, रोजच्यासारखी कामाला लागले आणि दार वाजलं की वर बघत राहिले. उत्तर नसलं, तरी सर सोमवारी येऊन "अजून माहीत न्हाय" एवढं तरी सांगायचे. त्या सोमवारी तेवढंही सांगायला आले नाहीत.