झुरळाच्या पोटात पाहणारे माने सर

एम.एस्सी.ला असताना सोलापुरात माने सरांच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेले, तेव्हा टेबलापासून चार हात लांबच उभी राहिले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी. सर मूळचे माढ्याचे. खुशीत असले की गावची बोली बोलत. म्हणाले, "ये की पुढं. झुरळ हाय, वाघ न्हाय."

झुरळाच्या आतड्यातला थेंब मिठाच्या पाण्यात मिसळून त्यांनी काचपट्टीवर ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली घेवड्याच्या दाण्यांसारखे एकपेशीय जीव अंगावरचे बारीक केस हलवत पोहत होते. काय दिसतंय ते सरांनी विचारलं, पण मला मराठीत वर्णन जमेना. सर म्हणाले, "पुस्तकातलं इंग्रजी राहू दे. आईला सांगशील तसं सांग." माझी मराठीची भीती त्यांनीच घालवली.

या जीवांची शरीररचना हे सरांचं आयुष्यभराचं काम. एका उन्हाळ्यात त्यांना नेहमीपेक्षा पसरट जीव दिसू लागले. नवी जात असावी, असं सगळ्यांनाच वाटलं. तिला सोलापूरचं नाव द्यायचं, हे सरांनी मनाशी पक्कं केलं होतं. शोधनिबंध तयार झाला. मग एका दुपारी तोच जीव आम्हांला दाखवताना सर सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. उकाड्यानं थेंब आटत होता, वरची नाजूक काच खाली बसत होती आणि तिच्याखाली नेहमीचाच जीव दबून पसरट होत होता. ताजे थेंब घेऊन त्यांनी आठवडाभर पाहिलं. पसरट जीव एकही निघाला नाही.

एक सहकारी म्हणाले, "माने, पाठवून टाका हो. झुरळाच्या पोटात कोण बघायला जातंय?"

"मी गेलोय की," सर म्हणाले आणि निबंध त्यांनी बाजूला ठेवला. आमच्याकडे वळून हसले, "बिचाऱ्याला लई दाबलं आपण." दुसऱ्या दिवशी काचेच्या कडांना व्हॅसलीन लावून थेंब ओला कसा ठेवायचा, ते प्रत्येकाला शेजारी बसून शिकवलं.

सरांच्या नावावर आजही एकही नवी जात नाही. पण त्यांनी काढलेल्या या जीवांच्या एकाही आकृतीवर कुणी शंका घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

सर, आज आपली पंचाहत्तरी. यापुढेही आपली नजर अशीच स्वच्छ आणि हात असाच स्थिर राहो, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि कधी खरोखरच नवा जीव सापडला, तर पेढे आम्ही आणू. आपली खात्री होईपर्यंत मात्र वाट पाहू.