रुमालाखाली ठरलेली मोटार

मिरजगावच्या त्या मोटारीचा खटला निकाली निघून बरीच वर्षं झाली, तरी तो डोक्यातून जात नाही. नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. त्यांतले पुष्कळसे आता आठवावे लागतात. हा आठवावा लागत नाही.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी नगर जिल्ह्यात फौजदार होतो. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कायद्याची कलमं मला तोंडपाठ होती आणि त्याचा मला अभिमान होता; अजूनही आहे.

सकाळची हजेरी चालू असताना आमचा खबऱ्या ठाण्यात आला. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे. तो म्हणाला, "साहेब, मिरजगावात एका हेड्यानं मोटार घेतलीया. लई झ्याक हाय. पर गडी कुपनं मागाया कचेरीत फिरकलाच न्हाई. मोटार काय कडबा खाऊन चालनार व्हय?"

हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. हा मुसलमान, साठीला टेकलेला. सगळा तालुका त्याला चाचा म्हणे. मी शिपाई घेऊन गेलो. मोटार घरापुढं लिंबाखाली उभी होती, वर गोधडी पांघरलेली. इंजिनावरचा नंबर कानशीनं घासून त्यावर दुसरा ठोकला होता. पुण्यातून एक टोळी मोटारी पळवत होती, त्यांतलीच ही. पंचनामा करून मुद्देमाल जप्त केला आणि चाचाला ठाण्यावर आणलं.

हवालदारानं सुरुवात केली. "काय रं चाचा, चोरीची मोटार घेताना लाज न्हाई वाटली?"

"चोरीची? अरं, पारखून घेतलीया मी ती!" चाचा उसळला. "साहेब, घाटावर चढवून बघितली. वर गेल्यावर धापा टाकती का, ते कान लावून ऐकलं. पुरती थंड झाल्यावर पुन्यांदा चालू कराया लावली. तेल गळतंय का म्हनून खाली पांढरं फडकं आंथरलं. उभा जन्म बैलं घेन्यात गेला माझा. मला फशिवनारा अजून पैदा व्हायचाय."

"आणि तिचे कागद?" मी विचारलं.

"आठ दिसांत देतो म्हनला दलाल. मी म्हनलं, मानूस नगरचा हाय, पळून कुटं जातोय?"

"तुम्हाला मोटार हवी कशाला होती?"

"गुडघं गेलं, साहेब. जनावरं हाकत मिरजगाव, खर्डा, तिसगाव, किती चालावं? म्हनलं, एक डायवर ठिवावा, बाजाराची मानसं न्यावी-आनावी. होती नव्हती ती समदी जनावरं इकली."

"किती दिले?"

"तीन हजार."

नगरचा दलाल त्याच आठवड्यात सापडला. तो म्हणाला, "आठशे. चोरीची आहे हे सांगूनच दिली." तीन हजार कबूल केले असते तर आम्ही ते त्याच्याकडून वसूल केले असते. आठशे खर्च झाले म्हणायला त्याला सोपं होतं.

आता कायदा असा की, चोरीचा माल माहीत असून घेतला तर गुन्हा. आणि माल मातीमोल भावानं घेतला असेल, तर घेणाऱ्याला चोरी ठाऊक होती, असं कोर्ट धरून चालतं. म्हणजे चाचानं रास्त भाव दिला होता हे सिद्ध झालं तर तो सुटणार, नाहीतर आत जाणार. सगळा खटला येऊन एका आकड्यावर थांबला.

"सौदा कुठं झाला?"

"भर बाजारात! पाक शंभर मानसं हुती भवती."

मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. रुमालावर कितीही डोळे असले तरी आतला आकडा त्या दोघांपलीकडं जात नाही. चाचानं मोटारीचा सौदाही तसाच केला होता. मी लोकांचे जबाब घेतले. रुमाल सगळ्यांनी पाहिला होता. भाव कोणालाच माहीत नव्हता.

"पैसे देताना कोण होतं?"

"कुनी न्हवतं. धडप्यात बांधून त्याच्या घरी नेऊन दिलं. मोजलं बी न्हाई त्यानं. आमच्यात तोंडावर मोजत न्हाईत, साहेब. इश्वास हाय का न्हाई?"

हवालदार कपाळाला हात लावून म्हणाला, "झालं! बस आता इश्वास चघळत."

मग मला सुचलं. तीन हजार आले कुठून? जनावरं विकून. ज्यांनी ती घेतली त्यांनी दिलेल्या रकमा सांगितल्या, तर चाचाकडं एवढा पैसा होता हे तरी सिद्ध होईल. मी तिसगावच्या बाजारात गेलो. तिथं खरेदीदार भेटले, सगळ्यांना चाचाची कीव येत होती, त्यांनी मला चहाही पाजला. आकडा सांगायला एकही तयार होईना. एकानं हात जोडले. "चाचा सोन्यासारखा मानूस हाय. पर साहेब, रुमालाखालचा भाव मी कोर्टात बोललो, तर उद्या माझ्या हातात हात कोन दील? मी लेकरांना काय घालू?"

शेवटी खर्ड्याचा एक व्यापारी भेटला. चाचाच्या निम्म्याहून जास्त जनावरं त्यानंच घेतली होती. त्यानंही आधी हात जोडले. मग म्हणाला, "येतो. चाचासाठी येतो." आरोपीच्या वकिलाला मी त्याचं नाव कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. त्यांना टोळी हवी होती, आणि टोळीसाठी दलाल माफीचा साक्षीदार झाला होता.

कोर्टात आधी सरकारतर्फे पुण्याच्या एका मोटार-मिस्त्रीची साक्ष झाली. त्यानं मोटारीची किंमत तीन हजार सांगितली. चाचाचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, आपलंच खरं ठरलं. सरकारी वकील शांतपणे म्हणाले, "तीन हजारांची वस्तू आठशेला मिळते, ती का, हे आरोपीला कळलं नसेल काय?"

मग खर्ड्याचा व्यापारी पिंजऱ्यात उभा राहिला. चाचाच्या वकिलानं विचारलं, "आरोपीची जनावरं तुम्ही केवढ्याला घेतलीत?"

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि तो हात मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं पुढं केला.

"सरकार, तुमास्नी सांगतो. हात द्या."

कोर्ट खदखदून हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेब संतापले. "तोंडानं बोला! कागदावर काय लिहू मी?"

"तोंडानं न्हाई येत, सरकार. कधी बोललोच न्हाई." हात तसाच पुढं होता.

"साक्षीदारानं उत्तर देण्याचं नाकारलं," असं लिहून घेतलं गेलं.

चाचाला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. दलाल मोकळा सुटला. बाहेर व्हरांड्यात बेड्या घालताना चाचानं मला विचारलं, "साहेब, त्यो मिस्त्री खोटं तर न्हाई ना बोलला? मोटार तीन हजाराचीच हुती?"

"तेवढ्याचीच होती, चाचा."

"मंग मी फसलो न्हाई," तो म्हणाला. वर्ष भरायच्या आत तो तुरुंगात वारला.

त्या खटल्यानं मला शिकवलं ते एवढंच: समोरचा माणूस खरं बोलतोय हे तपास करणाऱ्याला कळतं, पण ते कळणं पंचनाम्यात लिहिता येत नाही. ते शिकून पुढं मला कोणाला वाचवता आलं, असंही नाही.

खर्ड्याच्या व्यापाऱ्याचं मला नंतर तिसगावात कळलं. कोर्टात तो एक आकडाही बोलला नव्हता. तरी साक्षीला गेला, एवढ्यावरच बाजारानं त्याच्या हातात हात देणं बंद केलं.