दोन वाव पाणी

माझ्या फायबरच्या छोट्या शिडाच्या होडीत पाण्याची खोली सांगणारं यंत्र बसवायचं होतं. सेन्सरसाठी तळाला भोक पाडणार, तोच मदतीला बोलावलेल्या, पिंप्राळ्यात कूलरच्या फायबर टाक्या सांधणाऱ्या कारागिराने माझं ड्रिल काढून घेतलं.

"होडीले भोक कसाले पाडतस, भाऊ?"

मला रागच आला. तो मात्र टरबूज पारखावं तसा बोटांनी तळ वाजवत गेला. भरीव आवाज आला तिथेच त्याने आतून सेन्सर चिकटवला. सेन्सरचा आवाज फायबरमधून पाण्यात जातो, पण मध्ये हवा राहिली तर यंत्र मुकं, म्हणून एक बुडबुडा राहू दिला नाही.

धरणात होडी लोटली. पडद्यावर आकडा उमटला: बारा फूट! मी ओरडलोच. त्याने दगड बांधलेली दोरी तळापर्यंत सोडली, वर ओढली, दोन्ही हात पसरून मोजली. दोन वाव, म्हणजे बाराच फूट.

मग यंत्राची पाठ थोपटून तो म्हणाला, "हुशार शे!"