सातवा बार

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या कोकणात देवचार, चकवा, वेताळ हे लहानपणी पानात वाढल्यासारखे मिळायचे आणि मी ते तसेच पानात टाकायचे. या सदरातले अनुभवसुद्धा मी बहुतेक वेळा नाक मुरडतच वाचते. पांढरी साडी, पैंजण, अमावस्या... शी. माझ्या अनुभवात यातलं काहीही नाही. दुपारचे पावणेचार वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि मी मिलोचं पीठ मळत होते.

बहात्तर संपून त्र्याहत्तर लागलं होतं. दुष्काळ. माझे यजमान पारनेर तालुक्यात एका लहान गावी शाळामास्तर होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली काही माणसं अजून आहेत. लग्न होऊन मी दापोलीहून थेट तिथे गेले. आता तुम्ही हसाल, पण मला तो परदेशच होता. मासळी नाही, तांदूळ नाही, नारळ तर देवापुढे ठेवायलासुद्धा नाही. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची. तिच्या पिठाला असा काही कुबट वास यायचा की मळता मळता मला उमासे येत. बोलणं ऐकलं तरी अर्धं कळायचं नाही. ‘व्हय’ म्हणजे हो आणि ‘न्हाई’ म्हणजे नाही, एवढ्यावर मी पहिले सहा महिने काढले.

गावाबाहेर मळ्यात आम्हाला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. घरमालकीण राहीमावशी — विधवा, करारी, बोलायला फटकळ आणि मनाने चांगली. घर माळवदाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छप्पर. उन्हाळ्यात गार राहतं, हे खरं. पण घराच्या मागे ऐंशी पावलांवर मावशींची विहीर होती. ती आटली म्हणून खोल करायचं काम निघालं आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यावर आभाळ म्हणून जे काही होतं ते रोज थोडं थोडं खाली पडायला लागलं.

काय सांगू तो आवाज. उजाडलं की पहारेवर घण. ठण्ण, ठण्ण, ठण्ण... मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मग दगडमाती वर ओढायची यारी, तिचं चाक दिवसभर रडायचं. कोणी तेल घालील तर शपथ. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सुरुंग. बार उडाला की भिंत हलायची, उतरंडीची मडकी एकमेकांवर वाजायची आणि माळवदातून पांढरी माती भुरूभुरू खाली. दुधात माती, अंथरुणात माती, केसांत माती. भाकरीचा घास घेतला की दाताखाली कच्च. मला त्या घराची, त्या गावाची आणि खरं सांगायचं तर त्या माणसांचीही किळस यायला लागली होती. घाम, धूळ, सुरुंगाच्या दारूचा वास... वारा घराकडे वळला की मी दारं लावून बसायची.

हे सगळं एक वेळ सोसलंही असतं. पण माझी सुमी तेव्हा अकरा महिन्यांची होती. तापात तिला दोनदा आकडी आली होती. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “हिला दचकू देऊ नका, भरपूर झोपू द्या.” झोपू द्या म्हणे! बार उडाला की पोर अंथरुणात उडायची, डोळे फिरवायची आणि मी देवाचं नाव घेत तिचे हातपाय धरून बसायची. प्रत्येक बाराला वाटायचं, आता ही जाते.

शेवटी मी स्वतः विहिरीवर गेले. तिथे सुरुंग लावायचं काम याकोब नावाचा माणूस करायचा. चाळिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा. गावातल्या ख्रिस्ती वस्तीतला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, बार तर उडवावंच लागत्यात. पर एकच टायम धरू. दोनाला उडवू. त्याच्यानंतर दिसभर एक बी न्हाई. माझा शबुद.” आणि त्याने तो पाळलाही. दोन वाजता मी सुमीला छातीशी धरून तिचे कान दाबून बसायची. मग ती संध्याकाळपर्यंत झोपायची.

त्यांची एक रीत होती. सकाळी खडकातली जितकी भोकं दारूने ठासली असतील तितके बार उडायला हवेत. याकोब वाती पेटवून वर आला की सगळी टोळी बांधाआड बसायची आणि मोठ्याने मोजायची. एक... दोन... तीन... शेवटी मुकादम ओरडायचा, “भरलं सात, उडालं सात!” मग वाती पेटवणाराच पहिला एकटा खाली उतरणार, पहारेने सुटे दगड पाडणार आणि त्याने हाक दिल्यावर बाकीचे. बार एक जरी कमी उडाला तर त्या दिवशी विहिरीत कोणी पाय घालायचा नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, हे लोक गंमत म्हणून मोजतात. मला त्याचाही राग यायचा.

मोजायची मीसुद्धा. मला आवाजापेक्षा मातीवरून कळायचं. बार आमच्या विहिरीतला असला की माती पडायची. लांबच्या शिवारातला असला की नुसता आवाज. त्या साली जो तो विहीर खोल करत होता, आवाजाला तोटा नव्हता.

तर त्या दिवशी दोन वाजता बार सुरू झाले. माती सहा वेळा पडली. पाचव्या-सहाव्याच्या मध्ये कुठेतरी लांब एक उडाला, तो वेगळा. तिकडे मुकादम ओरडला, “भरलं सात, उडालं सात!” मी मनात म्हटलं, सहाच की. एक कमी. चला, तेवढीच सुटका झाली. आणि मी सुमीला निजवलं. एवढाच विचार केला मी. सुटका झाली.

नेमकी त्या दिवशी यारीची तार तुटली. ती सांधण्यात टोळीचे दीड तास गेले, कोणी खाली उतरलं नाही. इकडे घण नाही, चाक नाही. कितीतरी दिवसांनी मला माझ्याच घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. पावणेचारला मी परात पुढे ओढून भाकरीचं पीठ मळायला घेतलं. राहीमावशी उंबऱ्यात बसून मटकी निवडत होत्या.

आणि बार उडाला.

मोठा. त्या महिन्यात ऐकलेल्या सगळ्यांपेक्षा मोठा. भिंत हलली, मडकी वाजली आणि वरून मातीचा हा एवढा लोट माझ्या परातीत पडला. लाल पीठ, त्यावर पांढरी माती. माझं डोकं फिरलं. शब्द दिला होता ना मेल्याने? सुमीकडे बघण्याचंही भान मला राहिलं नाही. पिठाच्या हातांनी मी उठले आणि मावशींच्या अंगावर खेकसले, “गाडला जाऊ दे तो याकोब त्याच खड्ड्यात. एकदाची कटकट जाईल!”

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. “अवं, झालं काय तुमाला?”

तरातरा विहिरीवर गेले. माणसं यारीपाशी उभी होती, याकोब नुकताच खाली उतरला होता. मी काठावर उभी राहून ओरडले, “याकोब, वर ये! आधी वर ये, मग बघते तुझ्याकडे!” एरवी मी त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवशी नाही केलं. मुकादम म्हणाला, “बाई, कामाचा टायम हाय, मंग येईल तो.” मी म्हटलं, “आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी इथून हलत नाही.” आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. त्यांच्या घाणीबद्दल, त्यांच्या जातीधर्माबद्दल, सगळं. आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

याकोब वर आला. दोराला धरून, धापा टाकत. डोक्याचं फडकं सोडून त्याने तोंड पुसलं आणि विचारलं, “काय झालं बाई? पोरीला काय झालं का?”

“आता बार का उडवलास? शब्द दिला होतास ना?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुकादम हसला. म्हणाला, “बार? आत्ता? बाई, यारी दुरुस्त करत हुतो आमी. बार कुठला?”

मी काही बोलणार एवढ्यात पायाखालची जमीन उचलली गेली. विहिरीतून दगड वर आले, एक यारीच्या लाकडाला लागून ते दुभंगलं. मी पडले. धुरळा खाली बसला तेव्हा मुकादम काठावरून आत बघत होता. याकोब जिथे उभा राहून पहार चालवत होता, ती जागा राहिलीच नव्हती. खाली सगळा नुसता फोडलेला दगड होता.

मी घराकडे पळाले. सुमी या बाराने उठून रडत होती, मावशींनी तिला खांद्यावर घेतलं होतं. आकडी आली नाही, देवाची कृपा. मी विचारलं, “मघाच्या बाराने उठली का हो?”

“मघाचा कंचा? ह्यो येकच उडाला की. पोरगी गपगार निजली हुती. तुमीच एकाएकी उठून शिव्या घालाया लागल्या.”

“आणि माती? परातीत माती पडली ती?”

मावशींनी परातीकडे पाहिलं. मग वर माळवदाकडे पाहिलं. “माती पडली, ती म्या बघितली,” त्या म्हणाल्या. “तुमी उठायच्या आदी, धपकन पडली. बाराचा आवाज काय न्हाई आला. मला वाटलं, उंदीर आसल.” एवढी माती पाडायला उंदीर नव्हे, घोरपड लागेल, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तो बार इतक्या उशिरा का उडाला, यावर विहिरीवाल्यांनी बरीच चर्चा केली. मुकादमाने लांबचा आवाज धरून सात मोजले होते, ही चूक त्याने कबूल केली. कोणी म्हणालं वात आत धुमसत राहिली असेल, कोणी म्हणालं वरून दगड निसटला असेल. ते त्यांचं ते जाणोत. माझे यजमान विज्ञान शिकवायचे. त्यांनी मला समजावलं, “अगं, तुझे कान इतके दिवस त्या आवाजाने पिकले होते. भास झाला तुला.” म्हटलं, बरं, भास. मग परातीतली माती? त्यावर ते म्हणाले, “माळवद जुनं आहे.” आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पुढे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो विषय काढला नाही.

गावाला मात्र सगळं लगेच उमगलं. मावशींच्या भावकीतल्या बायका म्हणाल्या, अंगात आलं. कोणी हळदकुंकू घेऊन आलं, कोणी पोर पायावर घालायला आणलं. मी कसनुशी होऊन दार लावून घ्यायची. धुळीचा तिटकारा परवडला, पण ज्या बायकांची मी महिनोन् महिने किळस केली त्या माझ्या पाया पडताहेत, हे बघून मला माझीच शिसारी यायची. मावशींना तेवढं माहीत होतं मी उठताना काय बोलले ते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मलाही बोलून दाखवलं नाही.

आठवड्याने याकोब आला, बायकोला घेऊन. तिचं नाव मार्था. तिने धुतलेल्या फडक्यात अंडी बांधून आणली होती. त्या दुष्काळात अंडी. मी आत या म्हटलं तर दोघं उंबऱ्याबाहेरच बसली.

मार्था म्हणाली, “बाई, रविवारी आमच्या देवळात साक्ष द्यायची हाय. परमेश्वरानं कसं वाचवलं ते समद्यांपुढं सांगायचं. म्हनून इचाराया आले. हे सांगत्यात, बाई रडत रडत आल्या, हात जोडून म्हनल्या, याकोब, तुमच्या जिवाला धोका हाय, वर या. असंच झालं ना वो?”

मी याकोबकडे पाहिलं. काठावर उभी राहून मी काय काय बोलले ते त्याने दोराला धरून वर येताना शब्द न् शब्द ऐकलं होतं. विहिरीत आवाज केवढा घुमतो. तो मान खाली घालून उंबऱ्यापाशी सांडलेले मटकीचे दाणे एकेक करून उचलत होता.

ती माती बाराच्या आधी कशी पडली, जो आवाज झालाच नव्हता तो मी कसा ऐकला, हे मला आज सत्तरी उलटली तरी सांगता येत नाही. कोणी सांगू शकलं तर जरूर कळवा. मी नाक न मुरडता वाचीन.

पण मार्थाने विचारलं तेव्हा मी “हो” म्हणाले. “असंच झालं,” म्हणाले. याकोबने मान वर केली नाही. मार्थाने माझा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि मी तो काढून घेतला नाही.